कुत्रा छाप रेकॉर्डचा मालक नेमका कोण?

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मिरजेच्या घरी आजोबांच्या ट्रंकेत साठेक रेकॉर्ड सापडल्या. बहुतेकींवर कर्ण्यासमोर बसलेला कुत्रा आणि ‘हिज मास्टर्स व्हॉइस’, काहींवर कोलंबिया, दोन-तीन ओडियन, एक पॉलिडोर. शिवाय व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन आणि पंडित रविशंकर यांची इंग्लंडमध्ये छापलेली एक एलपी, तिच्यावरही तोच कुत्रा. काका म्हणतात एचएमव्ही म्हणजे सारेगामा. त्यांचे मित्र म्हणतात ती कंपनी कधीच बँकेच्या घशात गेली. लंडनची मावसबहीण म्हणते की ती एचएमव्हीच्या दुकानात आजही खरेदी करते. तुम्हाला आजोबांवरच्या छोट्या माहितीपटात यातली तीन-चार ध्वनिमुद्रणं वापरायची आहेत. मग परवानगी मागायची कोणाकडे?

गेली बावीस वर्षं मी जुन्या तबकड्यांचं डिजिटायझेशन आणि हक्कांची विचारपूस, ही दोन्ही कामं करतो. आधी एक सांगतो: तुमचे तिन्ही नातेवाईक आणि स्नेही बरोबर आहेत. ‘एचएमव्हीचा मालक कोण’ असा प्रश्न विचारला की गोंधळ होणारच, कारण हा एक प्रश्न नाही, तीन आहेत. रेकॉर्ड काढणारी कंपनी कोणाची झाली? कुत्र्याची खूण कोणाकडे गेली? आणि तुमच्या हातातल्या त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचे हक्क आज, या देशात, कोणाकडे आहेत? तुम्हाला हवंय ते तिसऱ्याचं उत्तर. पण पहिल्या दोघांचा इतिहास कळल्याशिवाय ते सापडत नाही.

आपल्याकडे जमिनीचा सातबारा पाहताना फेरफार नोंदी मागे मागे वाचत जातात, तसंच हे आहे. फरक इतकाच की इथे प्रत्येक देशाचा सातबारा वेगळा.

सुरुवात १८९८ ची. तबकडीचा ग्रामोफोन शोधणारा एमिल बर्लिनर अमेरिकेत होता. त्याच्या यंत्राचा युरोपातला धंदा उभा करायला लंडनमध्ये ग्रामोफोन कंपनी स्थापन झाली. तबकड्या छापायचं काम मात्र बर्लिनरच्या गावी, जर्मनीतल्या हॅनोव्हरला, त्याच्या भावाकडे होतं. म्हणजे कंपनी इंग्रज, शोध अमेरिकेतला, कारखाना जर्मन. पुढची सगळी गुंतागुंत या पहिल्याच मांडणीत आहे.

कुत्र्याची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते, पण त्यातला एक तपशील आपल्या कामाचा आहे. चित्रकार फ्रान्सिस बॅरॉडने निपर नावाच्या कुत्र्याचं चित्र काढलं तेव्हा समोर सिलिंडरवर वाजणारा फोनोग्राफ होता, ग्रामोफोन नव्हताच. कर्णा उजळ दिसावा म्हणून १८९९ साली तो ग्रामोफोन कंपनीत पितळी कर्णा उसना मागायला गेला. कंपनी म्हणाली, फोनोग्राफ पुसून आमचं यंत्र काढा, चित्र विकत घेतो. १०० पौंडांत सौदा झाला: ५० चित्राचे आणि ५० त्याच्या हक्काचे. चित्राची आणि हक्काची किंमत त्या दिवशीच वेगवेगळी लागली होती. आज आपण तेच दोन हिशेब सोडवत बसलो आहोत.

तुमच्या ट्रंकेत एखादी रेकॉर्ड कुत्र्याऐवजी देवदूताची निघाली तर ती जपून ठेवा. तबकडीवर बसून पिसाने लिहिणारा देवदूत ही कंपनीची आधीची खूण. इंग्लंडच्या लेबलांवर कुत्रा आला तो १९०९ मध्ये. लेबलावर ‘ग्रामोफोन अँड टाइपरायटर’ असं लिहिलेलं असेल तर ती रेकॉर्ड १९०० अखेर ते १९०७ या काळातली. तबकड्यांचा धंदा टिकेल की नाही याची खात्री नव्हती म्हणून कंपनीने टाइपरायटरही विकायला घेतले होते, आणि नावातही घातले. याच काळात, नोव्हेंबर १९०२ मध्ये, कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गेसबर्ग कलकत्त्याला आला आणि गौहर जान यांचा आवाज मेणावर उतरला. गाणं संपताना ‘माय नेम इज गौहर जान’ असं ठणकावून सांगायच्या त्या. ते मेण बोटीने हॅनोव्हरला जायचं, तिथे तबकड्या छापल्या जायच्या आणि परत इथे विकायला यायच्या. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला आणि १९२० च्या दशकाच्या शेवटी तो दमदमला गेला.

आता कुत्र्याच्या खुणेची वाटणी कशी झाली ते पाहू. अमेरिकेत ही खूण व्हिक्टर टॉकिंग मशीन कंपनीकडे होती. १९२० मध्ये व्हिक्टरने लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा निम्मा हिस्सा घेतला, १९२९ मध्ये व्हिक्टरच आरसीए या अमेरिकी रेडिओ कंपनीने घेतली, आणि आरसीएने इंग्लंडमधला हिस्सा १९३५ ला विकून टाकला. पैशाचं नातं सुटलं, पण अमेरिकेतला कुत्रा आरसीएकडेच राहिला. व्हिक्टरने जपानमध्ये काढलेल्या कंपनीची पुढे जेव्हीसी झाली, तिथला कुत्रा त्यांचा. म्हणून इंग्रज कंपनीला अमेरिकेत आपल्या शास्त्रीय रेकॉर्ड विकायच्या होत्या तेव्हा, १९५३ मध्ये, तो जुना देवदूत बाहेर काढावा लागला. तिथलं लेबल एंजल. मेन्युहिन–रविशंकर यांची तुमच्याकडची एलपी १९६७ ची आहे. तीच अमेरिकेत घेतली असती तर तिच्यावर कुत्रा नसता, देवदूत असता. ध्वनिमुद्रण एकच, खुणा दोन.

जर्मनीत तर आईपासून लेकच तुटली. हॅनोव्हरची डॉइश ग्रामोफोन ही लंडनच्या कंपनीची उपकंपनी होती. पहिल्या महायुद्धात जर्मन सरकारने ती शत्रूची मालमत्ता म्हणून ताब्यात घेऊन विकली. जर्मनीच्या आत कुत्रा त्या कंपनीकडे राहिला, पण बाहेरच्या देशांत तो वापरायची सोय नव्हती. निर्यातीसाठी तिने वेगळं नाव घेतलं, पॉलिडोर. तुमच्या ट्रंकेतल्या पॉलिडोरचं मूळ हे. ती एचएमव्हीची स्पर्धक म्हणून आपल्याकडे आली, पण घराणं एकच.

मालकीच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं वर्ष १९३१. मंदीने रेकॉर्डचा खप कोसळला होता. ग्रामोफोन कंपनी आणि तिची कट्टर स्पर्धक कोलंबिया ग्राफोफोन यांना एकत्र येण्याशिवाय गत्यंतर उरलं नाही. दोघींची मिळून इलेक्ट्रिक अँड म्युझिकल इंडस्ट्रीज झाली, म्हणजेच ईएमआय. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लंडनमधला ॲबी रोडचा स्टुडिओ इंग्रज संगीतकार एडवर्ड एल्गारच्या हस्ते सुरू झाला. इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. कोलंबियाने त्याआधीच जर्मनीची कार्ल लिंडस्ट्रॉम कंपनी ताब्यात घेतली होती आणि लिंडस्ट्रॉमची लेबलं म्हणजे ओडियन आणि पार्लोफोन. म्हणजे १९३१ पासून एचएमव्ही, कोलंबिया, ओडियन, पार्लोफोन ही एकाच घरातली भावंडं. दुकानात वेगळी दिसायची, घर एकच. दुसरी गोष्ट, अमेरिकेतली कोलंबिया ही निराळी शाखा. तिथल्या मक्तेदारीविरोधी कायद्याच्या धाकाने ईएमआयने ती लगेच विकली. ती हातोहात फिरत सीबीएसकडे आणि शेवटी सोनीकडे पोचली. म्हणून ‘कोलंबिया म्हणजे सोनी’ असं जे इंटरनेटवर वाचायला मिळतं, ते तुमच्या ट्रंकेतल्या कोलंबियाला लागू नाही. ईएमआयने कोलंबिया हे नावसुद्धा १९९० मध्ये सोनीला विकलं. पण नाव विकलं, ध्वनिमुद्रणं विकली नाहीत.

पुढची चाळीस-पन्नास वर्षं ईएमआयच्या भरभराटीची. १९५५ मध्ये अमेरिकेची कॅपिटल घेतली. १९६२ मध्ये पार्लोफोनवर बीटल्स आले. मालकी बदलली ती संगीतामुळे नव्हे, तर एका वैद्यकीय यंत्रामुळे. ईएमआयच्या प्रयोगशाळेत गॉडफ्रे हाउन्सफील्डने सीटी स्कॅनर तयार केला. १९७१ ला पहिल्या रुग्णाचं स्कॅन झालं आणि १९७९ ला हाउन्सफील्डला नोबेल मिळालं. पण या धंद्यात कंपनीचे पैसे इतके अडकले की त्याच १९७९ सालात ईएमआय ही थॉर्न या दिवे आणि विजेच्या वस्तू बनवणाऱ्या इंग्रज उद्योगाच्या हाती गेली. मला हा प्रसंग फार लागतो. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरच्यांचा जीव ज्या यंत्राने वाचला, त्याने कंपनीचं स्वातंत्र्य गेलं.

थॉर्न ईएमआयने क्रिसालिस हे रेकॉर्ड लेबल घेतलं, १९९२ मध्ये व्हर्जिन रेकॉर्ड्स घेतलं, आणि १९९६ ला थॉर्न व ईएमआय पुन्हा वेगळे झाले. नंतर वॉर्नरशी विलीनीकरण करायचा बेत युरोपियन आयोगाच्या आक्षेपांमुळे फसला. सीडीचा खप ओसरायला लागला. २००७ मध्ये टेरा फर्मा या गुंतवणूक संस्थेने ईएमआय सुमारे ४.२ अब्ज पौंडांना घेतली, त्यातली मोठी रक्कम सिटीग्रुपकडून कर्जाऊ. कर्ज काढून वाडा घ्यायचा आणि भाड्यातून हप्ते भरायचे, असा तो व्यवहार. भाडं आटत चाललेलं आणि रोलिंग स्टोन्ससारखे मोठे भाडेकरू वाडा सोडून निघालेले. फेब्रुवारी २०११ मध्ये सिटीग्रुपने कंपनी ताब्यात घेतली. ‘बँकेच्या घशात गेली’ ते हे.

बँकेला गाणी सांभाळायची नव्हती. तिने वाडा दोन भागांत विकला: ध्वनिमुद्रणं युनिव्हर्सलला १.२ अब्ज पौंडांना, आणि गीत-संगीताच्या प्रकाशनाचे हक्क सोनीच्या पुढाकारातल्या गटाला. एकट्या युनिव्हर्सलकडे फार ताकद जाईल म्हणून युरोपियन आयोगाने २०१२ मध्ये अट घातली की यातला मोठा हिस्सा विका. म्हणून २०१३ मध्ये पार्लोफोनचा गट वॉर्नरकडे गेला. त्या गटात ईएमआयचा शास्त्रीय संगीताचा साठाही होता. पण बीटल्स गेले नाहीत, ते युनिव्हर्सलने ठेवून घेतले. ज्या लेबलावर ते उभे राहिले ते लेबल वॉर्नरचं, ती ध्वनिमुद्रणं युनिव्हर्सलची, आणि ॲबी रोडचा स्टुडिओही युनिव्हर्सलचाच. आणि डॉइश ग्रामोफोन? ती पॉलिग्राम या रेकॉर्ड कंपनीमधून १९९८ मध्ये आधीच युनिव्हर्सलकडे आली होती. महायुद्धात तुटलेली लेक आणि आई जवळपास शंभर वर्षांनी एका छपराखाली आल्या, तेही आईचा निम्मा संसार दुसरीकडे गेल्यावर.

दुकानाचं लवकर सांगून टाकतो. लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचं एचएमव्हीचं दुकान १९२१ मध्ये एल्गारच्याच हस्ते उघडलं होतं. १९९८ मध्ये दुकानांची वेगळी कंपनी झाली, २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१८ च्या अखेरीस ती दिवाळखोरीत गेली, आणि २०१९ पासून कॅनडाच्या सनराइज रेकॉर्ड्सचे मालक डग पुटमन यांच्याकडे आहे. मावसबहिणीला सांगा की दुकान खरंच चालू आहे, पण तुमच्या रेकॉर्डच्या हक्कांशी त्याचा काही संबंध नाही.

आता भारत. १९४६ मध्ये इथल्या धंद्याची स्वतंत्र कंपनी नोंदली गेली आणि तीच पुढे ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया म्हणून ओळखली गेली. १९८० च्या दशकाच्या मध्यावर ती गोएंकांच्या आरपीजी समूहाकडे आली. २००० मध्ये तिने सारेगामा हे नाव घेतलं आणि पुढे कुत्रा सोडला. इथे झालेली एचएमव्ही, कोलंबिया, ओडियनची ध्वनिमुद्रणं तिच्याकडे राहिली. लंडनच्या वाड्यावर बँकेची टाच आली तेव्हा दमदमचं घर कधीच विभक्त झालेलं होतं. म्हणून २०११ ते २०१३ च्या त्या सगळ्या धावपळीत आपल्या नाट्यपदांचा आणि भावगीतांचा मालक बदलला नाही. काकांचं म्हणणं बरोबर आहे, फक्त भारतातल्या ध्वनिमुद्रणांपुरतं.

हे मी ठेच लागून शिकलो. सुरुवातीच्या काळात एका माहितीपटासाठी ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डवरचं एक भावगीत हवं होतं. लेबलवरचा कुत्रा पाहून मी थेट परदेशातल्या एका कंपनीला पत्र लिहिलं. चार महिन्यांनी उत्तर आलं की हा प्रदेश आमच्याकडे नाही. तोवर संकलन संपलं होतं आणि दिग्दर्शिकेला ते दृश्य गाण्याशिवाय ठेवावं लागलं. पत्र पाठवण्यापूर्वी रेकॉर्ड हातात घेऊन नीट वाचली असती तर हे टळलं असतं.

म्हणून तुम्ही असं करा. रेकॉर्ड ट्यूबलाइटखाली तिरकी धरा. लेबलावरचा क्रमांक लिहून घ्या. मग शेवटची खोबण आणि लेबल यांच्यामध्ये जी गुळगुळीत पट्टी असते, तिच्यात ठसा मारलेला किंवा खरवडलेला क्रमांक दिसेल. तो मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे ध्वनिमुद्रणाची जन्मखूण. लेबलं बदलतात, जुनं गाणं नव्या क्रमांकाने पुन्हा निघतं, पण हा क्रमांक मूळ ध्वनिमुद्रणाकडे नेतो. एलपी असेल तर ईएएलपी किंवा ईसीएसडी, छोटी ईपी असेल तर ७ईपीई अशी अक्षरं दिसली की ती भारतातली एचएमव्ही समजा. जॅकेटच्या मागे तळाशी बारीक अक्षरांत उत्पादकाचं नाव असतं, ते भिंगाखाली वाचा. सारेगामाला लिहिताना हे दोन्ही क्रमांक, गायकाचं नाव आणि गाण्याचा मुखडा द्या. नुसतं ‘आजोबांची एचएमव्हीची रेकॉर्ड’ म्हटलं तर कोणालाच शोधता येणार नाही.

तरी काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि मी वकील नाही, तेव्हा पैसे अडकणार असतील तर जाणकाराला विचारून घ्या. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढल्या वर्षापासून ६० वर्षं असतो. १९५० ची रेकॉर्ड २०१० च्या अखेरीला मोकळी झाली. ब्रिटनमध्ये मुदत ५० वर्षं होती, ती २०१३ मध्ये ७० झाली, पण तोवर सुटलेल्यांना परत बांधलं नाही. म्हणून १९६२ पर्यंतच्या तबकड्या तिथे मोकळ्या आहेत. मेन्युहिन–रविशंकर एलपी भारतात २०२७ अखेरपर्यंत आणि ब्रिटनमध्ये २०३७ अखेरपर्यंत बांधलेली आहे, आणि तिच्यासाठी दार सारेगामाचं नाही, वॉर्नर क्लासिक्सचं ठोठवायचं. तुमचा माहितीपट मिरजेत दाखवणार की लंडनच्या महोत्सवात पाठवणार की यूट्यूबवर टाकणार, यावर बरंच काही ठरेल. पॉलिडोरसाठी युनिव्हर्सल म्युझिक इंडिया. पॉलिडोर ऑफ इंडियाची म्युझिक इंडिया झाली आणि तिची युनिव्हर्सल.

आणि ध्वनिमुद्रण मोकळं झालं म्हणून गाणं मोकळं होत नाही. शब्द आणि चाल यांचे हक्क निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतात. ‘सौभद्रा’तलं पद असेल तर काळजी नाही, अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ मध्येच गेले. पण त्याच काळ्या तबकडीवर गदिमांचं गीत असेल तर ते १९७७ ला गेले, म्हणजे शब्दांसाठी २०३७ अखेरपर्यंत परवानगी लागेल, मग तबकडी कितीही जुनी असो. संगीतकाराचं गणित पुन्हा वेगळं मांडा.

तुम्हाला हव्या असलेल्या तीन-चार ध्वनिमुद्रणांपैकी १९४० च्या दशकातलं नाट्यपद मी आधी घेईन. ध्वनिमुद्रण भारतात मोकळं, पद जुनं. फक्त ते यूट्यूबवरून उचलू नका, स्वतःच्या तबकडीवरून उतरवून घ्या. एलपीची सुई तिच्यावर लावू नका. ७८ च्या रुंद खोबणीला टोकाची त्रिज्या साधारण तीन हजारांश इंच असलेली सुई लागते, एलपीची बारीक सुई तळाशी घासत फिरते आणि खरखर वाढते. आणि धूळ पुसायला स्पिरिट किंवा सॅनिटायझर अजिबात वापरू नका. या तबकड्या लाखेच्या आहेत, लाख स्पिरिटमध्ये विरघळते. लेबल कोरडं ठेवून साध्या पाण्यात किंचित ओला केलेला मऊ कपडा खोबणीच्या दिशेने फिरवा, आणि वाजवण्यापूर्वी पूर्ण वाळू द्या.